रिपीट करते, काका: ट्रेडिंगची टूल्स एजंटसाठी लिहिताना

सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी सहा वर्षं डीलर होते. दोन टर्मिनल, तीन फोन, आणि सव्वानऊला बाजार उघडला की तिन्ही एकदम वाजायचे. हळदीचे एक व्यापारी रोज ठरलेल्या वेळी फोन करायचे आणि म्हणायचे, "पोरी, ते परवाचं काढ." बस, एवढंच. मी म्हणायचे, "रिपीट करते, काका. टाटा पॉवर, दोनशे नग, विक्री, बाजारभावाने, डिलिव्हरीतले. बरोबर?" पलीकडून "हां" आलं की मगच बोट एंटरवर जायचं.

आता मी पुण्यात एका ट्रेडिंग प्लॅटफॉर्मसाठी दस्तऐवज लिहिते. आधी ते प्रोग्रामर वाचायचे. अलीकडे एआय एजंटही वाचतात. ग्राहक त्याच्याशी गप्पा मारतो, एजंट आमची टूल्स वापरून भाव बघतो, पोर्टफोलिओ दाखवतो आणि परवानगी असेल तर ऑर्डरही लावतो. म्हणजे टर्मिनलवरची माझी जुनी खुर्ची आता त्याच्याकडे आहे. फरक एवढाच की मला सहा वर्षांत जे अंगवळणी पडलं, ते त्याला पहिल्याच मिनिटाला लिहून द्यावं लागतं. ते कसं लिहायचं, कुठे पाय घसरतो, हे इथे सांगते. उदाहरणं भारतीय शेअर बाजारातली आहेत. टूलची आणि रकान्यांची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात, इथे वाचायला बरं म्हणून देवनागरीत देते.

एजंटला नेमकं काय दिसतं

बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज असतो. एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, ही एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. त्यात टूल म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी: नाव, वर्णन आणि कोणते रकाने कसे भरायचे याचा साचा. मॉडेलला एवढंच दिसतं. तुमचा कोड दिसत नाही, ऑफिसातली विकी दिसत नाही, "हे तर सगळ्यांना माहीत असतं" तेही दिसत नाही. प्रोग्रामर अडला की शेजाऱ्याला विचारतो, चहाला जातो, दोन दिवस टेस्टिंग करतो. एजंट अडत नाही, तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो. त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, हेच जास्त धोक्याचं, कारण त्यामुळे चुकीचा अंदाज पटकन लक्षात येत नाही.

म्हणून वर्णनाकडे माहितीपत्रक म्हणून बघू नका. नव्या पोराला पहिल्यांदा टर्मिनलवर बसवताना त्याच्या कानाशी लागून जे सांगाल, ते लिहा.

लिहायच्या आधी: डीलिंग रूममध्ये एक दिवस

जमलं तर ऑर्डर घेणाऱ्या माणसाशेजारी एक पूर्ण दिवस बसा आणि तो न बोलता काय काय करतो ते टिपून ठेवा. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी पुढच्या गोष्टी आल्या होत्या. ग्राहकाने "टाटा" म्हटलं की डीलर थांबतो. "पन्नास हजारांचे घे" म्हटलं की कॅल्क्युलेटर उघडतो. साडेतीनच्या जवळ इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी संपवायचा, नवा सौदा घ्यायला कुरकुरतो. ऑर्डर गेल्यावर फोन ठेवत नाही, "झाली" असं स्क्रीनवर दिसेपर्यंत थांबतो. यातलं एकही आमच्या एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रामने आमच्या सिस्टिमशी बोलायच्या सोयीच्या) दस्तऐवजात नव्हतं. माझ्या लिखाणाची अनुक्रमणिका ही वहीच झाली.

टूल्स कमी करा

आमच्या पहिल्या खेपेत हातात असलेले चाळीसेक एंडपॉइंट, म्हणजे एपीआयमधली एकेका कामाची खिडकी, होते तसे टूल म्हणून उघडले होते. भाव देणारीच चार: एक फक्त शेवटचा भाव, एक उघड-उच्च-नीच-बंद, एक पूर्ण बाजारखोली (कोण कितीला घ्यायला-विकायला उभा आहे), एक जुना डेटा. माणसाला ही विभागणी सोयीची, कारण त्याला वेगाची पडलेली असते. एजंट मात्र चारांपैकी कुठलंही उचलायचा आणि कालचा बंद भाव "सध्याचा भाव" म्हणून सांगून मोकळा व्हायचा. दोन टूल्सच्या वर्णनांतला फरक तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती एकत्र करा.

बघायची टूल्स आणि करायची टूल्स मात्र कधीही एकत्र करू नका. ऑर्डर्सची यादी दाखवणारं टूल आणि ऑर्डर रद्द करणारं टूल वेगळंच हवं, दोघांत फक्त एका रकान्याचा फरक असला तरी. एमसीपीत टूलवर 'फक्त वाचन' किंवा 'विध्वंसक' असे शेरे मारायची सोय आहे, ते जरूर मारा. पण तो इशारा आहे, कुलूप नव्हे. खरं कुलूप सर्व्हरवरच लागतं.

वर्णन: आधीचं आणि नंतरचं

आमच्या 'प्लेस_ऑर्डर'चं पहिलं वर्णन असं होतं:

"एक्स्चेंजवर ऑर्डर देते. ऑर्डर क्रमांक परत करते."

यात खोटं काही नाही, पण उपयोगाचंही काही नाही. आता आहे ते असं:

"ग्राहकाच्या खऱ्या पैशांनी खरेदी किंवा विक्रीची ऑर्डर पाठवते. पाठवण्याआधी कंपनी, एक्स्चेंज, खरेदी की विक्री, संख्या, भाव आणि प्रॉडक्ट हे सहाही ग्राहकाला वाचून दाखवा आणि त्याचा स्पष्ट होकार घ्या. यातलं एकही ग्राहकाने सांगितलेलं नसेल तर स्वतः ठरवू नका, विचारा. ऑर्डर क्रमांक मिळाला म्हणजे ऑर्डर पोहोचली, सौदा झाला असं नव्हे. सौदा झाला का ते 'ऑर्डर_स्थिती'ने बघा. लावलेली ऑर्डर बदलायची असेल तर हे टूल वापरू नका, 'मॉडिफाय_ऑर्डर' वापरा."

लांबलंय, मान्य. पण शेवटची तीन वाक्यं बघा. टूल काय करत नाही आणि कधी वापरायचं नाही हे लिहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. ग्राहक म्हणाला, "अरे, चारशे दहा नको, चारशे पाचला लाव," की जुनी ऑर्डर तशीच ठेवून एजंट दुसरी लावायचा. एक वाक्य घातलं आणि ते थांबलं.

ऑर्डर देणाऱ्या टूल्सवर मी शब्द खर्च करते. भाव दाखवणाऱ्याला दोन ओळी पुरतात. सगळ्या टूल्सचं वर्णन सारख्या लांबीचं दिसलं की मला शंका येते, लिहिणाऱ्याने जोखमीचा विचार न करता साचा भरला असावा.

संख्या की रक्कम

५ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि बाजार थोडा वेळ थांबवावा लागला. मुंबईतल्या एका दलाल पेढीच्या डीलरला निफ्टीतल्या शेअर्सची टोपली विकायची होती ती रुपयांत, पण रकमेचा आकडा त्याने संख्येच्या रकान्यात टाकला. अशा चुकीच्या ५९ ऑर्डर्समधून ६५० कोटींहून अधिक रुपयांचे सौदे झाले. आणि हा माणूस शिकलेला, रोज हेच काम करणारा होता.

तेव्हा 'क्वांटिटी' या रकान्याच्या वर्णनात "संख्या" हा एक शब्द लिहून थांबू नका. कशाची संख्या? शेअरमध्ये नग. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये काही प्लॅटफॉर्म नग मागतात, जे लॉटच्या, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्याच्या, पटीत असावे लागतात, तर कमॉडिटीत काही ठिकाणी सरळ लॉट मागतात. एकाच टूलमध्ये एका बाजारासाठी ७५ म्हणजे एक लॉट आणि दुसऱ्यासाठी ७५ म्हणजे पंचाहत्तर लॉट असं असेल, तर ते रकान्याच्या वर्णनातच, पहिल्या ओळीत, उदाहरणासह यायला हवं.

आमच्या सांगलीचंच घ्या. हळदीच्या वायद्याचा भाव क्विंटलवर बोलतात आणि लॉट असतो ५ टनांचा. म्हणजे भाव एक रुपया हलला की एका लॉटमागे पन्नास रुपये हलतात. यार्डातल्या हमालालाही हे माहीत आहे. एजंटने भावाला सरळ लॉटच्या संख्येने गुणलं आणि ग्राहकाला "सौद्याची किंमत" पन्नासपट कमी सांगितली. तेव्हापासून प्रत्येक आकड्याच्या रकान्याला मी चार गोष्टी लिहिते: एकक काय, कमीत कमी किती, किती टप्प्याने वाढतो, आणि एक भरलेलं उदाहरण. भाव रुपयांत की पैशांत हेही लिहा, काही थेट फीड पैशांत भाव पाठवतात. वेळ भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) तेही. नाहीतर सव्वानऊचा पहिला सौदा "पहाटे पावणेचारचा" होतो आणि एजंट ग्राहकाला त्यामागचं कारणही रचून सांगतो.

टाटा म्हणजे कोणता टाटा

ग्राहक कंपनीचं नाव सांगतो, टूलला सिम्बॉल, म्हणजे एक्स्चेंजवरचं तिचं छोटं नाव, लागतो. मधली जागा एजंट आठवणीतून भरतो आणि त्याची आठवण जुनी असते. झोमॅटोचं नाव २०२५ मध्ये इटर्नल झालं, सिम्बॉलही बदलला. टाटा मोटर्सचं तर बघाच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचे दोन भाग झाले. आधीपासून नोंदलेली जुनी कंपनी झाली टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स, आणि ट्रक-बसवाल्या नव्या कंपनीला मिळालं टाटा मोटर्स हे नाव. आता "टाटा मोटर्स दहा घे" म्हणणाऱ्याला कारवाली हवी की ट्रकवाली? डीलर विचारणारच. एजंटनेही विचारावं म्हणून सिम्बॉलच्या रकान्यात आम्ही लिहिलंय: "सिम्बॉल आठवणीतून लिहू नका. दर वेळी 'सिम्बॉल_शोध' वापरा. एकाहून जास्त उत्तरं आली तर पूर्ण नावांसह ग्राहकासमोर ठेवा आणि निवडू द्या." आणि 'सिम्बॉल_शोध'च्या उत्तरात जुनी नावंही परत येतात, म्हणजे झोमॅटो शोधलं तर इटर्नल मिळतो.

जाता जाता एक कटकट सांगते: महिंद्राच्या सिम्बॉलमध्ये मध्येच ते 'आणि'चं चिन्ह आहे. वेबपत्त्यात ते जसंच्या तसं गेलं की तुकडे पडतात. ते तुमच्या सर्व्हरने सांभाळायचं असतं. एजंटला एन्कोडिंग शिकवायला जाऊ नका.

प्रॉडक्टचा रकाना: आमची सगळ्यात महागात पडू शकली असती ती चूक

सीएनसी म्हणजे डिलिव्हरी, शेअर घेऊन डिमॅटमध्ये ठेवायचे. एमआयएस म्हणजे इंट्राडे, त्याच दिवशी कापायचा, म्हणजे उलटा सौदा करून संपवायचा. तुम्ही नाही कापलात तर बाजार बंद व्हायच्या आधी दलालाची सिस्टिम कापते. एमआयएसला मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी खात्यात असावी लागणारी रक्कम, कमी लागतं. मी वर्णनात हेच लिहिलं होतं, आणि वर अगदी मदत म्हणून: "एमआयएसमध्ये कमी रकमेत जास्त संख्या घेता येते."

टेस्ट खात्यावर आम्ही एक प्रसंग चालवला. ग्राहक म्हणतो, मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून एका बँकेचे शंभर शेअर घे. खात्यात पैसे कमी. एजंटने सीएनसीची ऑर्डर पाठवली, अपुऱ्या मार्जिनमुळे ती नाकारली गेली. त्याने वर्णन वाचलं, एमआयएस निवडलं, पुन्हा पाठवली. मंजूर! ग्राहकाला कळवलं, "तुमचे शंभर शेअर घेतले आहेत." दुपारी सिस्टिमने सौदा कापला. मुलीच्या शिक्षणाचे शेअर सूर्यास्तही बघू शकले नाहीत.

एजंटने नियम कुठेच मोडला नव्हता. त्याच्यासमोर अडथळा होता आणि तो ओलांडायची वाट मीच लिहून दिली होती. त्यावर माझा एक दिवस नुसता चिडचिड करण्यात गेला. मग तीन बदल केले.

एक, प्रॉडक्टच्या वर्णनातून फायद्याची भाषा काढली आणि परिणामाची घातली: "सीएनसी: शेअर ग्राहकाच्या डिमॅटमध्ये जातात. एमआयएस: सौदा आजच संपतो, ग्राहकाकडे शेअर राहत नाहीत. ग्राहकाने 'आजच्यापुरतं' किंवा 'इंट्राडे' असं म्हटल्याशिवाय एमआयएस वापरू नका. मार्जिन कमी पडलं हे प्रॉडक्ट बदलायचं कारण नाही."

दोन, या रकान्याला डिफॉल्ट ठेवला नाही. पैशांवर परिणाम करणाऱ्या कुठल्याच रकान्याला डिफॉल्ट ठेवू नका. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही ग्राहकाच्या वतीने दिलेलं उत्तर, आणि ग्राहकाला ते दिलंय हे माहीतही नसतं.

तीन, ऑर्डर नाकारली की येणारा एरर मेसेज बदलला. तो वेगळाच विषय आहे.

एरर मेसेज हेही दस्तऐवजच

आमचा जुना संदेश होता: "मार्जिन अपुरे." पोलिसी थाटाचा, एका ओळीचा. आता असा येतो: "ऑर्डर नाकारली. लागणारी रक्कम ४८,२०० रुपये, उपलब्ध ३१,०५० रुपये. कोणतीही ऑर्डर लागलेली नाही. संख्या किंवा प्रॉडक्ट स्वतः बदलून पुन्हा पाठवू नका. ग्राहकाला फरक सांगा आणि काय करायचं ते विचारा."

काय झालं, आता परिस्थिती काय आहे, पुढे काय करायचं, काय करायचं नाही: एरर मेसेजमध्ये हे चारही हवं. रात्री साडेदहाला ऑर्डर आली तर "बाजार बंद" एवढंच सांगितल्यावर एजंट आफ्टर मार्केट ऑर्डर (बाजार बंद असताना पुढच्या सत्रासाठी ठेवायची) लावून टाकतो, आणि सकाळी भाव भलतीकडेच उघडलेला असतो.

संदेश वाचणाऱ्याला उद्देशून नसला की काय होतं याचा जगजाहीर नमुना अमेरिकेतला आहे. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या शेअर सौदे करणाऱ्या कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता. नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग (कोडमधली चालू-बंदची खूण) पुन्हा वापरलेला, त्यामुळे त्या सर्व्हरवर बंद पडलेला जुना कोड जागा झाला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. बाजार उघडायच्या आधीच त्यांच्या सिस्टिमने कर्मचाऱ्यांना या गडबडीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी हललं नाही. टूलमध्ये जुना रकाना नव्या अर्थाने वापरायची हौस आली की मला हा किस्सा आठवतो. रकान्याचा अर्थ बदलला तर नावही बदला.

"ऑर्डर गेली" आणि "सौदा झाला"

ऑर्डर क्रमांक ही पोचपावती असते. पुढे ती ऑर्डर एक्स्चेंजवर उभी राहील, अर्धी भरेल, पूर्ण भरेल किंवा नाकारली जाईल. प्रत्येक स्थितीचं नाव, अर्थ आणि ग्राहकाला सांगायचं वाक्य असं लिहून द्या. 'ओपन'साठी आमचं वाक्य आहे: "ऑर्डर लागली आहे, अजून भरलेली नाही." अर्धवट भरलेल्या ऑर्डरमध्ये भरलेली आणि उरलेली अशा दोन्ही संख्या सांगायच्या.

आता खरी मेख. एजंटने ऑर्डर पाठवली आणि नेटवर्क अडकलं, उत्तर आलंच नाही. ऑर्डर गेली की नाही? साध्या प्रोग्रामच्या सवयीने तो पुन्हा पाठवतो. पहिली गेलेली असेल तर ग्राहकाकडे दुप्पट माल. यासाठी प्रत्येक ऑर्डरला एजंटने आधीच एक खूण द्यावी, आणि सर्व्हरने तीच खूण दुसऱ्यांदा आली तर नवी ऑर्डर न लावता जुन्या ऑर्डरचाच क्रमांक परत द्यावा. सर्व्हरवर ती सोय नसेल तर निदान वर्णनात स्पष्ट लिहा: "उत्तर न आल्यास पुन्हा पाठवू नका. आधी 'ऑर्डर_यादी'त ही खूण शोधा." माझ्या मते हे वाक्य अख्ख्या दस्तऐवजातलं सगळ्यात कामाचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच नसतं.

असाच दुसरा खड्डा होल्डिंग्ज आणि पोझिशन्सचा. आज घेतलेले शेअर आज पोझिशन्समध्ये दिसतात. सेटलमेंट टी अधिक १ असल्याने डिमॅटमध्ये यायला पुढचा कामाचा दिवस उजाडतो. एजंटने दुपारी 'होल्डिंग्ज' बघितलं, सकाळी घेतलेले शेअर तिथे नाहीत, त्याने निष्कर्ष काढला की खरेदी झालीच नाही. पुढचं तुम्ही ओळखलंत. दोन्ही टूल्सच्या वर्णनात एकमेकांचा उल्लेख करा: "आजचे सौदे इथे नसतात, त्यासाठी 'पोझिशन्स' बघा."

स्टॉप-लॉस

म्हणजे तोटा आवरायला आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. याच्यावर एक अख्खा लेख होईल, थोडक्यात उरकते. ट्रिगर आणि लिमिट हे दोन वेगळे भाव आहेत हे उदाहरणाशिवाय कोणालाच कळत नाही, माणसालाही नाही. आम्ही लिहिलंय: "४१० ला घेतलेला शेअर. विक्रीचा ट्रिगर ४००, लिमिट ३९८. भाव ४०० ला आला की ३९८ पर्यंतची विक्रीची ऑर्डर जागी होते. सकाळी भाव एकदम ३९० ला उघडला तर ऑर्डर जागी होईल पण भरणार नाही. ग्राहकाला 'तोटा १२ रुपयांवर थांबेल' अशी हमी देऊ नका." ऑप्शन्समध्ये एनएसईने स्टॉप-लॉस मार्केट (ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाने सौदा) हा प्रकार सप्टेंबर २०२१ पासून बंद केला आहे. तो पर्याय ऑप्शन्ससाठी साच्यातूनच काढून टाका, वर्णनात मनाई लिहून भागत नाही. साच्याने अडवता येतं तिथे शब्द वाया घालवू नयेत.

जे बदलतं ते लिहू नका

निफ्टीचा लॉट २०२४ या एकाच वर्षात ५० चा २५ आणि २५ चा ७५ झाला. एनएसईच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा, म्हणजे करार संपण्याचा, गुरुवार सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारवर गेला. २५० रुपयांखालच्या शेअर्सचा भाव जून २०२४ पासून पाच पैशांऐवजी एक पैशाच्या टप्प्याने हलतो. यातलं काहीही वर्णनात लिहिलंत तर काही महिन्यांत ते खोटं ठरणार, आणि एजंट ते शांतपणे खरं मानणार. लॉट, टिक (भाव हलायचा टप्पा), एक्स्पायरी, सुट्ट्या हे सगळं टूलच्या उत्तरातून यावं. वर्णनात फक्त कुठून घ्यायचं ते असावं. मुहूर्ताच्या सौद्यांची वेळ तर दर दिवाळीला वेगळी जाहीर होते. आमच्या जुन्या दस्तऐवजात "संध्याकाळी सव्वासहा" असं कोणीतरी कायमचं लिहून ठेवलं होतं.

नियम आणि माणसाचा हात

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगसाठी (प्रोग्रामने आपोआप लावलेल्या सौद्यांसाठी) चौकट घालून दिली. एपीआयमधून येणाऱ्या अल्गो ऑर्डर्सना एक्स्चेंजने दिलेली ओळख चिकटवणं आलं, ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच येणं आलं. हे पाळायचं काम तुमच्या सिस्टिमचं. एजंटच्या वर्णनात परिपत्रक ओतू नका. त्याला एवढंच सांगा की सेकंदाला किती विनंत्या चालतात, मर्यादा ओलांडली तर किती थांबायचं, आणि कोणती गोष्ट त्याच्या हातात नाहीच. उदाहरणार्थ, डिमॅटमधले शेअर विकताना काही ग्राहकांना सीडीएसएलचा (डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेचा) टीपिन हा गुप्त क्रमांक स्वतः टाकावा लागतो. वर्णनात लिहा: "टीपिन किंवा ओटीपी ग्राहकाकडे चॅटमध्ये कधीही मागू नका. त्याला अॅपमधल्या पानावर पाठवा." एजंट मदतीला इतका उत्सुक असतो की हे लिहिलं नाही तर तो खरंच मागतो.

आणि बातम्या किंवा कंपनीच्या घोषणा परत देणारं टूल असेल तर त्यातला मजकूर कोणीही लिहिलेला असू शकतो. "आत्ताच घ्या" असं त्यात असलं तरी ती ग्राहकाची आज्ञा नव्हे, हेही एका ओळीत टाका.

तपासणी: मराठीतून

आमच्याकडे चाचण्या इंग्रजीत होत्या आणि सगळ्या पास व्हायच्या. मी सांगलीच्या आठवणीतून वाक्यं काढायला लागले तेव्हा गंमत सुरू झाली. "पावणेदोनशेला लावून ठेव" म्हणजे १७५. "अडीचशेच्या खाली गेला तर फुकून टाक." "सव्वाशे उचल", आता हे नग की भाव? "रिलायन्स काढ", म्हणजे वीक, की चार्ट दाखव, की लावलेली ऑर्डर रद्द कर? तिन्ही अर्थ मी स्वतः फोनवर ऐकलेत. आकडे देवनागरीत टाइप केले, एक लाखात स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकला, की मग आणखी काही मोडतं.

प्रत्येक वाक्यासमोर मी दोनच रकाने ठेवते: एजंटने कोणतं टूल उचलावं, आणि त्याने विचारायला हवं होतं का. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. एखादं वाक्य चुकलं की आधी वर्णन बदलते, मॉडेलला दोष नंतर. वर्णनातला बदल एका वेळी एकच. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. आणि बदलल्यावर सगळी यादी पुन्हा चालवायची, कारण एक टूल स्पष्ट केलं की शेजारचं धूसर होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

सध्या यादीत साठ-सत्तर वाक्यं आहेत. गेल्या आठवड्यात त्या हळदीवाल्या काकांना सहज फोन केला होता. ते आता अॅप वापरतात, नातवाने शिकवलंय. बोलता बोलता म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या यंत्राला सांग, कालचं परत कर." मी फोन ठेवून तेच वाक्य टाइप केलं. परत कर म्हणजे कालचीच ऑर्डर पुन्हा लाव, की काल घेतलेलं परत दे, म्हणजे वीक?

एजंट म्हणाला, "काल तुम्ही टाटा पॉवरचे पन्नास शेअर घेतले होते. आणखी पन्नास घ्यायचे आहेत, की ते पन्नास विकायचे आहेत?"

मी यादीत त्या वाक्यासमोर बरोबरची खूण केली आणि काकांना पुन्हा फोन लावून विचारलं, त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं. ते म्हणाले, "अगं, ऑर्डर रद्द कर म्हणत होतो."

यादीत तिसरा अर्थ चढवला. वर्णन अजून सापडायचंय.